टेक्सासात कर खरंच वाचतो का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये तुमचं स्वतःचं घर आहे, दोघंही नोकरी करता, मुलगी सातवीत आणि मुलगा तिसरीत आहे. डॅलसजवळ चांगली ऑफर आली आहे आणि मित्रमंडळींत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, रिपब्लिकन राज्यात कर नाही, डेमोक्रॅटिक राज्यं नुसती लुटतात, निघा. दुसरा म्हणतो, तिकडे सरकार काही म्हणजे काही देत नाही, जाऊ नका. यात खरं किती, आणि राज्याचा राजकीय कल बघून कर आणि सोयींचा अंदाज बांधता येतो का, असं तुम्ही विचारलंय. जाता जाता एक ओळ लिहिलीत, की धाकट्याला शाळेत स्पीच थेरपी चालू आहे. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती. तिच्याकडे मी शेवटी येते.

गेली बावीस वर्षं मी न्यू जर्सीत आपल्या लोकांची टॅक्स रिटर्न्स करते. टेक्सास, फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलायनाला गेलेली आणि तिथून परत आलेली कितीतरी घरं माझ्या टेबलावरून गेली. त्यावरून सांगते: राज्याचा रंग (रिपब्लिकन म्हणजे लाल, डेमोक्रॅटिक म्हणजे निळा) पाहून तुम्हाला एकूण कर किती बसेल हे कळत नाही. तो कुणाच्या खिशातून आणि कोणत्या वाटेने निघेल, हे मात्र बऱ्यापैकी कळतं. आणि सरकारी सोय कुणाला मागायच्या आधी मिळेल, कुणाला रांगेत ताटकळावं लागेल, हेही.

पगारावर राज्याचा आयकर न लावणारी राज्यं नऊ: टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसी, नेवाडा, साउथ डकोटा, वायोमिंग, अलास्का, न्यू हॅम्पशायर आणि वॉशिंग्टन. यातलं वॉशिंग्टन १९८८ पासून अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवारामागे उभं राहिलंय. सिएटल-रेडमंडकडची आपली मराठी मंडळी पगारावर राज्याला आयकर म्हणून छदामही देत नाहीत. कारण पक्षात शोधू नका. १९३३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्न म्हणजे मालमत्ताच असा अर्थ लावला आणि चढत्या दराचा आयकर अडकला. पुढे मतदारांनीही तो वेळोवेळी नाकारला, २०१० मध्ये तर फक्त श्रीमंतांवर लावायचा म्हटलं तरी. शेजारचं ओरेगनही डेमोक्रॅटिक, पण तिथे सेल्स टॅक्स शून्य आणि आयकराचा वरचा दर ९.९ टक्के. दोन्ही राज्यांमधल्या कोलंबिया नदीच्या अलीकडे, वॉशिंग्टनात, राहायचं आणि पलीकडे ओरेगनात खरेदी करायची, असा तिथल्या लोकांचा रोजचा क्रम आहे. इलिनॉयने २०२० मध्ये बायडन यांना भरघोस मतं दिली आणि त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, श्रीमंतांना जास्त दर लावण्याची दुरुस्ती पाडली. तेव्हा ‘निळं म्हणजे जास्त कर’ हे सूत्र हिशोबाला घेऊ नका.

आता तुमच्याच आकड्यांवर येऊ. उत्पन्न १ लाख ८० हजार डॉलर, घराची किंमत साडेपाच लाखांच्या आसपास, मालमत्ता कर वर्षाला ११,०००. न्यू जर्सीचा आयकर तुम्हाला सूट-वजावट जाऊन साधारण ६,४०० बसतो. मालमत्ता करात दिलासा देणाऱ्या राज्याच्या अँकर योजनेतून या उत्पन्नगटाला गेली काही वर्षं १,००० डॉलर परत मिळतात (अर्ज केलाय ना? दरवर्षी निम्मे लोक विसरतात आणि मग माझ्याकडे हळहळतात). म्हणजे दोन्ही मिळून खिशाला चाट १६,४०० ची.

टेक्सासात आयकर शून्य, आणि तो सहजासहजी येणारही नाही, कारण २०१९ मध्ये मतदारांनी राज्यघटनेतच त्याला बंदी घातली. डॅलसजवळच्या फ्रिस्को-प्लेनोकडे शाळा, शहर, काउंटी आणि कम्युनिटी कॉलेज मिळून मालमत्ता कराचा दर ढोबळमानाने पावणेदोन टक्क्यांच्या आगेमागे असतो. राहत्या घराच्या किमतीतले १ लाख ४० हजार शाळेच्या करातून वगळले जातात. याच किमतीचं घर घेतलंत तर आठेक हजार भराल. वर्षाला आठ हजारांवर वाचले. तुमचा मित्र खोटं बोलत नाहीये.

पण तेवढंच घर कुणी घेत नाही! मी तरी अजून पाहिलेलं नाही. इथलं तीन बेडरूमचं जुनं घर विकून लोक तिकडे नव्या वसाहतीत साडेसात लाखांचं, पाच बेडरूमचं घर घेतात. अशा वसाहतींत रस्ते, पाणी, गटारांसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता वेगळ्या जिल्ह्याच्या नावाने कराच्या बिलात बसलेला असतो. त्याला मड म्हणतात, म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. तो धरला की दर अडीच टक्क्यांवरही जातो. साडेसात लाखांवर अडीच टक्के म्हणजे पावणेएकोणीस हजार, सूट जाऊन सतरा हजारांवर. न्यू जर्सीत भरत होता त्याहून अधिक. शिवाय गारपिटीमुळे घराचा विमा इथल्यापेक्षा चांगलाच महाग. घर मोठं मिळालं, हवेशीर मिळालं, त्याचा आनंद घ्या, पण त्याला करबचत म्हणू नका.

हीच दोन राज्यं दुसऱ्या खुर्चीत बसून बघा. माझ्याकडे किराणा दुकानात काउंटरवर काम करणारी एक बाई येते. दोन मुलं, भाड्याचं घर, वर्षाचे बत्तीस हजार. कमी पगाराच्या कष्टकऱ्यांना केंद्राकडून जे क्रेडिट मिळतं, त्याच्या ४० टक्के रक्कम न्यू जर्सी स्वतःच्या तिजोरीतून वर देते. तिला राज्याला देणं असं काही उरत नाही, उलट चेक येतो. इथे कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही. टेक्सासात राज्याचा आयकरच नाही, म्हणून असं क्रेडिटही नाही, आणि मुलांच्या शाळेच्या कपड्यांपासून भांड्याच्या साबणापर्यंत सव्वाआठ टक्के. किराण्याला मात्र दोन्हीकडे सूट आहे. मालमत्ता कर ती भाड्यातून भरतेच, फक्त बिलावर तिचं नाव नसतं. घरभाडं तिकडे स्वस्त पडेल, पण करापुरतं बोलायचं तर ‘कर नसलेलं राज्य’ तिच्यासाठी जास्त कराचं राज्य आहे. याउलट दहा लाखांवर कमावणाऱ्याला न्यू जर्सी त्यावरच्या रकमेवर १०.७५ टक्के लावते आणि टेक्सास काहीच नाही. राजकीय कल दिसतो तो इथे. एका बाजूचा मतदार म्हणतो, ज्याच्याकडे जास्त त्याने जास्त द्यावं. दुसऱ्या बाजूचा म्हणतो, कमाईला हात लावू नका, खर्चावर आणि जमिनीवर घ्या. दोघेही मनापासून म्हणतात. मला स्वतःला पहिलं पटतं, कारण ती काउंटरवरची बाई दर फेब्रुवारीत माझ्यासमोर बसते.

तुम्ही चिडून लिहिलंय की न्यू जर्सीचा मालमत्ता कर डेमोक्रॅट लोकांनी वाढवून ठेवला. या राज्यात ५६४ नगरपालिका आणि टाउनशिप आहेत. प्रत्येकीचा कारभार वेगळा, बहुतेकींचे पोलिस वेगळे, आणि शाळांचे जिल्हे सहाशेच्या घरात. आपलं गाव आपणच चालवणार, हा इथला जुना हट्ट आहे आणि रिपब्लिकन गावं त्यात तसूभरही मागे नाहीत. गावं एकत्र करा म्हटलं की सगळे पक्ष एक होतात.

आयकराचा जन्म तर याच मालमत्ता करातून झाला. शाळा फक्त गावच्या घरपट्टीवर चालवल्या तर गरीब गावातल्या मुलांवर अन्याय होतो, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये रॉबिन्सन विरुद्ध केहिल या खटल्यात दिला. विधिमंडळ पैसे उभे करेना, तेव्हा १९७६ च्या जुलैमध्ये न्यायालयाने राज्यातल्या सरकारी शाळांवर खर्च करायलाच बंदी घातली. आठवडाभर शाळा बंद राहिल्या आणि त्या दडपणाखाली गव्हर्नर ब्रेंडन बर्न यांचा आयकर मंजूर झाला. हा पैसा घरमालकांचा भार हलका करण्यासाठीच वापरायचा, असं राज्यघटनेत लिहिलं गेलं. तुमचा अँकरचा चेक त्याच कलमाचा नातू आहे.

आपल्याकडे याला जवळचं उदाहरण आहे. महाराष्ट्रात पगारातून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जायचे, तो व्यवसाय कर आठवतो? १९७२ च्या दुष्काळानंतर, १९७५ मध्ये, तो रोजगार हमीसाठी लावला गेला. शहरातल्या पगारदाराच्या पैशातून गावाकडच्या मजुराला काम. कर कशासाठी हे स्पष्ट सांगितलं की लोक तो सोसतात. बर्न यांची कारकीर्द आयकराने संपली असं सगळे धरून चालले होते, पण १९७७ मध्ये ते पुन्हा निवडून आले.

नंतरचे एक डेमोक्रॅटिक गव्हर्नर जिम फ्लोरिओ यांना ते साधलं नाही. १९९० मध्ये त्यांनी सुमारे २८० कोटी डॉलरची करवाढ केली. १९९१ मध्ये त्यांच्या पक्षाने विधिमंडळ गमावलं, १९९३ मध्ये रिपब्लिकन ख्रिस्टी व्हिटमन आयकरात ३० टक्के कपातीचं वचन देऊन त्यांना हरवून गेल्या. वचन त्यांनी पाळलंही. पण पैसा कुठूनतरी यायला हवा होता. १९९७ मध्ये राज्याने कर्मचाऱ्यांच्या पेन्शनसाठी कर्जरोखे काढले आणि पुढे वर्षानुवर्षं दोन्ही पक्षांच्या गव्हर्नरांनी पेन्शन फंडात हात आखडता घेतला. आज राज्याच्या तिजोरीतला बराच पैसा त्या जुन्या देण्यात जातो. तुम्हाला रस्त्यावरचा खड्डा दिसतो तेव्हा तुमचा पैसा तीस वर्षांपूर्वीच्या करकपातीची भरपाई करत असतो. हे मला फार टोचतं, कारण लोक त्याचा राग आजच्या शाळेवर आणि शिक्षकांवर काढतात.

दुसऱ्या टोकाला कॅन्सस. २०१२ मध्ये गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी आयकराचे दर खाली आणले आणि छोट्या-मोठ्या धंद्यांचं मालकाच्या रिटर्नमध्ये येणारं उत्पन्न थेट करमुक्त केलं. धंदे वाढतील, तिजोरी आपोआप भरेल, असा हिशोब होता. आमच्या व्यवसायात त्या वर्षी एकच चर्चा: पगारदाराने छोटी कंपनी काढून स्वतःलाच कंत्राट द्यावं का? सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. तिजोरीत खड्डा पडला, रस्त्यांचा निधी दुसरीकडे वळवला गेला, २०१५ मध्ये काही शाळा वर्ष संपायच्या आधीच बंद झाल्या. जून २०१७ मध्ये गव्हर्नरांचा नकाराधिकार मोडून तो कायदा मागे घेतला गेला आणि तो मोडणारं विधिमंडळ रिपब्लिकन बहुमताचं होतं. आपल्या पोराची शाळा बंद झाली की मतदार पक्षाचं नाव विसरतो.

मेडिकेडचंही तसंच. गरिबांच्या या आरोग्य विम्याचा विस्तार दहा राज्यांनी नाकारलाय, टेक्सास त्यातलं सगळ्यात मोठं. पण आयडाहो, युटा, नेब्रास्का, मिझुरी, ओक्लाहोमा, साउथ डकोटा या पक्क्या रिपब्लिकन राज्यांत नेत्यांनी नाही म्हटल्यावर लोकांनी सार्वमताने तो मंजूर करून घेतला. २०२४ मध्ये नॉर्थ डकोटात मालमत्ता कर रद्दच करायचा प्रस्ताव आला, तो मतदारांनी फेटाळला. मत देताना माणूस पक्ष बघतो, पण दवाखाना आणि शाळेचा प्रश्न वेगळा विचारला तर उत्तरही वेगळं देतो.

तुमच्या दुसऱ्या तटाच्या मित्रालाही सांगा, ‘तिकडे काहीच देत नाहीत’ हे खरं नाही. ओक्लाहोमाने १९९८ पासून चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला बालवाडी खुली केली. मिसिसिपीसारख्या गरीब राज्याने २०१३ मध्ये लहान मुलांच्या वाचनासाठी कायदा केला, शिक्षकांना नव्याने शिकवलं, आणि चौथीच्या राष्ट्रीय वाचन चाचणीत तळाजवळून थेट पहिल्या दहात मजल मारली. फार पैसा न ओतता. टेक्सासात तर तेलाच्या जमिनींवर सरकारी विद्यापीठांचा भलामोठा निधी उभा आहे. तुमच्या मुलीसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा: १९९७ च्या कायद्याने तिथल्या प्रत्येक हायस्कूलच्या वरच्या १० टक्के विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठात हक्काचा प्रवेश आहे. यूटी ऑस्टिन या तिथल्या नामांकित सरकारी विद्यापीठाची अट याहून कडक असते. पण याच नियमामुळे, जिथे आपलीच हुशार पोरं दाटीवाटीने बसलीत अशा नामांकित शाळेत तिचा क्रमांक मागे जाऊ शकतो.

केंद्राच्या रिटर्नमध्ये राज्याच्या आणि स्थानिक करांची वजावट २०१७ च्या कायद्याने १०,००० वर रोखली होती, तिचा फटका न्यू जर्सीला जोरात बसला. २०२५ साठी ती ४०,००० झाली. तुमच्या उत्पन्नाला ही मर्यादा पूर्ण लागू होते, त्यामुळे ठरावीक (स्टँडर्ड) वजावटीऐवजी एकेक वजावट मोजून घेणं फायद्याचं पडत असेल, तर इथे भरलेल्या करातला काही भाग केंद्राकडून वाचतो. हिशोबात तोही धरा.

आता धाकट्याची स्पीच थेरपी.

न्यू जर्सी प्रतिविद्यार्थी खर्चात देशातल्या वरच्या राज्यांत आहे, टेक्सास सरासरीच्या खाली. हा फरक नुसता वाचताना कोरडा वाटतो. तो हाताला लागतो तो अशा मुलांच्या बाबतीत. टेक्सासच्या शिक्षण खात्याने २००४ पासून एक आकडा ठरवून दिला होता: जिल्ह्यातली साडेआठ टक्के मुलंच विशेष शिक्षणात असावीत. देशाची सरासरी तेव्हा तेराच्या आसपास. खर्चाला कात्री लावायची हाच हेतू, असा आरोप झाला. शाळा मग मुलांची तपासणीच पुढे ढकलू लागल्या. २०१६ मध्ये ह्यूस्टन क्रॉनिकल या वर्तमानपत्राने हे उघडकीला आणलं, २०१७ मध्ये तिथल्याच विधिमंडळाने अशा मर्यादेला बंदी घातली आणि जानेवारी २०१८ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने राज्याने कायदा मोडल्याचा निष्कर्ष दिला. त्यानंतर परिस्थिती बरीच सुधारली आहे, विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांचं प्रमाणही खूप वाढलंय. पण पुरेशा थेरपिस्टची फौज एका रात्रीत उभी राहत नाही.

त्या काळात माझं एक ग्राहक जोडपं असंच कर वाचवायला गेलं होतं. मुलगा सहा वर्षांचा, तोवर इथल्या शाळेत आठवड्यातून तीनदा थेरपी. तिकडे आठवड्यातून एकदा, तीही चार मुलांच्या गटात. उरलेली त्यांनी खाजगीत लावली. पुढच्या वर्षी रिटर्न करताना आईने पावत्यांचं पाकीट माझ्यासमोर उलटं केलं. सतराशे, चौदाशे, पुन्हा सतराशे. मी कॅल्क्युलेटरवर बेरीज करत होते आणि ती खिडकीबाहेर बघत होती. वाचलेल्या आयकराच्या जवळजवळ दुप्पट आकडा आला. दीड वर्षात ती मंडळी परत आली.

तुमचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. डॅलसच्या उत्तरेकडचे काही शाळा-जिल्हे चांगले आहेत, आणि ऑफर खरोखर मोठी असेल तर खाजगी थेरपी धरूनही गणित जमेल. पण घर बघायच्या आधी दोन गोष्टी करा. जे घर मनात आहे त्याचा पत्ता काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर टाका आणि कर घेणाऱ्या संस्थांची यादी ओळीओळीने वाचा. शाळा, शहर, काउंटी, कॉलेज यापलीकडे आणखी एखादं नाव दिसलं तर तेच मड किंवा तत्सम काहीतरी. आणि विक्रेत्याने गेल्या वर्षी भरलेला आकडा धरू नका. त्याला ज्येष्ठांची सूट असेल किंवा त्याच्या घराची करपात्र किंमत दरसाल १० टक्क्यांच्या मर्यादेत अडकलेली असेल. मालक बदलला की ती मोकळी होते.

दुसरं, मुलाचा चालू आयईपी (म्हणजे त्याच्यासाठी शाळेने लेखी ठरवलेली विशेष शिक्षणाची योजना) आणि शेवटचा मूल्यमापन अहवाल इथल्या शाळेकडून निघण्यापूर्वी हातात घ्या. केंद्राच्या कायद्यानुसार नव्या राज्यातल्या शाळेला स्वतःची तपासणी होईपर्यंत मुलाला तुल्य सेवा द्यावीच लागते, मग राज्याचा रंग कोणताही असो. ही योजना ठरवण्याच्या बैठकीला तिकडे ‘एआरडी’ म्हणतात. प्रवेशाच्या दिवशीच ती लेखी मागा, ईमेलने, आणि इथे आठवड्याला किती मिनिटं थेरपी मिळत होती तो आकडा त्यात लिहा.